जास्वंदीवरची पिल्ले

भाद्रपद लागला की जास्वंदीच्या पाकळ्यांना भोके पडू लागतात. अळीने खाल्लेले पान कडेकडून आत झिजत जाते. ही भोके तशी नसतात. कड बहुधा शाबूत असते आणि पाकळीच्या मध्यावर एक वेडीवाकडी खिडकी उघडलेली असते. आज सकाळी माझ्या गच्चीवरच्या कुंडीत अशी खिडकी दिसली आणि मी सवयीने पाकळी उलटून पाहिली. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, हिरव्या अंगावर काळे ठिपके असलेले एक पिल्लू पाठीमागे बसले होते. त्याच्या मिशा शरीराच्या तिपटीहून लांब होत्या आणि त्यांवर ठरावीक अंतराने पांढरे पट्टे होते. मी त्याला हात लावला नाही. प्रयोगशाळेत पोचायला उशीर होत होता, हे एक कारण. दुसरे कारण सांगायला थोडा वेळ लागेल.

अशा पिल्लाची ओळख पटवण्याची एक ठरलेली रीत आहे. प्रथम मिशा पाहायच्या. आपण सरसकट ज्यांना नाकतोडे म्हणतो त्यांत दोन निराळी घराणी आहेत. एकाच्या मिशा आखूड आणि जाडसर असतात; ते टोळ. दुसऱ्याच्या केसाइतक्या बारीक आणि शरीराहून लांब. त्यांना इंग्रजीत कॅटिडिड म्हणतात, मराठीत त्यांना वेगळे असे नाव रुळलेले नाही. मिशांनंतर पाठ. तिथे पंखांऐवजी नुसते दोन इवले उंचवटे असतील तर ते पिल्लू. मग पोटाचे टोक. तिथे कोयतीसारखा बाक दिसू लागला असेल तर मादी. शेवटी पुढच्या पायाचा गुडघा. त्याच्या खाली मोठ्या कीटकाला कानाची फट असते. लहान पिल्लाच्या पायावर कानाची जागा ठरलेली असते, कान मात्र उघडलेला नसतो. एवढे सगळे पाहून झाल्यावरही जातीचे नाव सहसा सांगता येत नाही, कारण ओळखीचे बहुतेक तक्ते प्रौढ नरावर बेतलेले असतात: त्याच्या पंखांवर, त्याच्या आवाजावर. पिल्लू मुके असते. प्रामाणिक माणसाने चिठ्ठीवर एवढेच लिहावे, घराणे अमुक, जात अनिश्चित, आणि थांबावे.

थांबणे मला त्या काळी जमत नव्हते.

चार वर्षांपूर्वीचा श्रावण आणि भाद्रपद मी औरादला, आमच्या घरी काढला. कीटकशास्त्राचे शेवटचे वर्ष नुकतेच संपले होते. पुढच्या संशोधनासाठी अर्ज करायचा होता आणि अर्जासोबत स्वतंत्रपणे केलेले एखादे छोटे काम जोडले तर निवड सोपी होईल, असा माझा हिशेब होता. सीमेवरच्या आमच्या तालुक्यातले कीटक फारसे कुणी नोंदवलेले नाहीत. मराठी, कानडी, तेलुगू अशा तीन भाषांत इथल्या किड्यांना शिव्या मिळतात, शास्त्रीय नाव कुणी देत नाही. घरामागच्या परड्यात मी ते देणार होते. एखादी अनोखी जात सापडली तर बिदर जिल्ह्यातली पहिली नोंद माझ्या नावावर लागेल, हे स्वप्न मी उघडपणे पाहत होते आणि त्यात मला काही गैर वाटत नव्हते.

परडे अव्वाचे, म्हणजे आमच्या आईचे, होते. जास्वंदीची चार झाडे, बेल, कण्हेर, शेवंतीचा वाफा, कुंपणावर घेवड्याचा वेल. रोज सकाळी आंघोळ करून ती लिंगायतांच्या रीतीने तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसे आणि त्यासाठी फुले अखंड लागत. भोक पडलेले फूल लिंगाला चालत नाही. त्यामुळे भाद्रपदात अव्वाची आणि नाकतोड्यांची जुंपलेली असे. त्या वर्षी मी तिला किडे मारायला मनाई केली.

"मग देवाला काय तुझी डबी वाहू?" ती म्हणाली.

"महिनाभर कण्हेर वाहा की."

"शिकून आलीस अन् देवाला कण्हेरीवर आणलीस," असे म्हणत ती कण्हेरीकडे वळली. पण त्या दिवसापासून तिने एकही पिल्लू चिरडले नाही.

अप्पांचे दुकान बियाण्यांचे आणि फवारणीच्या औषधांचे. म्हणजे बापाने किडे मारायची औषधे विकायची आणि लेकीने त्याच घराच्या पडवीत किडे पाळायचे, असा प्रकार चालू होता. अप्पा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. "माझ्या घरी जाऊन बघा, किड्याचं बाळंतपण करायलेत," ते म्हणत आणि समोरचा हसला की आणखी खुलत. मात्र कुणी सोयाबीनचे कुरतडलेले पान पिशवीत घालून आणले की त्यांचा चेहरा पालटे. बाटलीला हात लावण्याआधी ते दहा प्रश्न विचारत. पेरा कधी केला, पान वरून खाल्ले की खालून, सकाळी दिसते की उन्हात, शेजारच्या रानात आहे का. मी विद्यापीठात शिकलेले बरेचसे त्या गल्ल्यामागे आधीच शिकून झाले होते. आमचे घर प्रश्न विचारणाऱ्यांचे घर होते, हे मी मुद्दाम नोंदवते.

अक्का पंचमीला आली. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला करजगीला, अफझलपूर तालुक्यात दिले होते. तिथून औरादला यायचे तर तीन बसा बदलाव्या लागतात आणि दिवस जातो. आमच्याकडे पंचमीला लेकीला आणायला भाऊ जातो. आम्हाला भाऊ नाही, म्हणून दरवर्षी अप्पाच जात. त्या वर्षी अप्पा निघायच्या आदल्या दिवशीच अक्का दारात उभी राहिली. हातात एक बॅग, नेहमीपेक्षा मोठी.

"कामून दगदग केलीस? मी येतच होतो की," अप्पा म्हणाले.

"तुमचे गुडघे दुखतेत म्हणून आले," अक्का म्हणाली. अप्पांचे गुडघे खरोखरच दुखत होते. उत्तर चोख होते, आणि आम्ही ते तसेच स्वीकारले.

पंचमीचे लाडू झाले, कडुलिंबाला झोका बांधला गेला, गल्लीतल्या माहेरवाशिणी एकेक करून आल्या आणि पाचव्या-सातव्या दिवशी ओट्या भरून परतल्या. अक्का राहिली. आमच्या भागात एक शिस्त आहे: माहेरी आलेल्या लेकीला 'कधी जाणार' हे विचारायचे नाही. विचारले की तिला जा म्हटल्यासारखे होते. शेजारणीने दारातून चौकशी केली, "लेक हाय व्हय अजून?", तर अव्वा ताडकन म्हणे, "तिचंच घर हाय, राहील की." दहा दिवस झाले, पंधरा झाले, गणपती आले. कुणी काही विचारले नाही. 'कधी जाणार' विचारायचे नाही म्हणून 'का राहिलीस' हेही विचारायचे नाही, आणि म्हणून 'तिकडे कसे आहे' हेही नाही. एका प्रश्नावर घातलेले कुंपण हळूहळू सगळ्या शेताला पडते. ही आमची माया होती. मी आजही तिला दुसरे नाव देणार नाही.

अक्का मला 'तंगी' म्हणते. कानडीत धाकट्या बहिणीला तसे म्हणतात. आमच्या दोघींची पिल्ले शोधण्याची पद्धत अगदी वेगळी होती. मी शास्त्राप्रमाणे उलटी छत्री फांदीखाली धरून फांदीवर काठी मारी आणि छत्रीत पडलेले सगळे मोजी. अक्काने दोन दिवस हे पाहिले.

"झाड झोडपून काय सांगणार हाय ते तुला? जरा बस की."

ती एका झाडापाशी पाट घेऊन बसे आणि काही करीत नसे. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. मग एकदम बोट दाखवी. मी तीनदा तपासलेल्या फांदीवर तिला दोन पिल्ले सापडत. तिसऱ्या दिवशी तिने घेवड्याच्या वेलावरची एक काळी मुंगी दाखवली.

"ही मुंगी न्हाई."

"मुंगीच हाय, अक्का. कंबर बघ की."

"मुंगी कधी एकटी बसती का? मघापासून एकटीच बसलीय."

मी भिंगातून पाहिले. मुंगीसारखी बारीक कंबर केवळ रंगाचा भास होता, आणि मिशा पाठीवर मागे वळवून पार शेपटापलीकडे गेल्या होत्या. काही कॅटिडिडांची पिल्ले अगदी लहानपणी मुंगीचे सोंग घेतात. मुंग्यांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. हे मी पुस्तकात वाचले होते. अक्काने ते एकटेपणावरून ओळखले. त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडा मत्सरही. एकटे बसलेले काय असते हे तिला इतके लवकर का दिसले, असा प्रश्न मला पडला नाही.

तिने पिल्लांना आपली नावे ठेवली होती. मुंगीचे सोंग घेणारी ती 'सोंगी'. पिवळसर ती 'हळदी'. एक होती 'लंगडी', आणि ती माझ्यामुळे. मी चिमट्याने तिला उडीच्या पायाला धरले आणि पाय चिमट्यात राहिला. पिल्लू पाय टाकून पानाखाली गेले. अक्काने चिमट्यातला तो दोऱ्याएवढा पाय निरखून पाहिला.

"परत येतो का पाय?"

"उडीचा न्हाई येत."

"मग जगंल का?"

"जगंल. उडी कमी पडंल तिची."

"सोडून दिली म्हणून जगली," अक्का म्हणाली. तिने तो पाय मातीत टाकला आणि हात पदराला पुसले. तिचे बोलणे मला निरीक्षण वाटले, आणि त्या अर्थाने ते अचूक होतेही.

मला आता त्या ऋतूतल्या अशा अनेक गोष्टी आठवतात, आणि त्या आठवताना मी माझ्याच कामाची परीक्षक होते. दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, दीड महिन्यात एकदाही फोन आला नव्हता. अक्का फोन नेहमी पालथा ठेवी. जुन्या मच्छरदाणीतून पिंजऱ्यांसाठी पिशव्या शिवताना ती सहज म्हणाली होती, "बिदरला डी.एड.चं कॉलेज हाय न्हवं अजून?" लग्नामुळे तिचे शिक्षिकेचे शिक्षण दुसऱ्या वर्षाला सुटले होते. मी सांगितले, "हाय की. प्रवेश कधी असतेत ते बघून सांगते." माहिती देण्यात मी तत्पर असते. प्रवेशाचे मात्र मी कधी पाहिले नाही.

आणि एक दुपार. पडवीत ऊन तिरपे आले होते, अव्वा आत शेंगा फोडत होती. अक्काने सुई थांबवली.

"तंगी, तू अप्पाला एक सांगशील का? तुझं ऐकतेत ते."

"पिंजरे हितंच ठेवायचे म्हणून न्हवं? मी कालच इचारलं. व्हय म्हणालेत."

अक्काने माझ्याकडे पाहिले. "व्हय का," ती म्हणाली. "बरं झालं." आणि पुन्हा शिवू लागली. तिचे टाके शेवटपर्यंत सरळ आहेत. ती पिशवी अजून माझ्याकडे आहे.

तिच्या त्या नजरेचे विश्लेषण मी पुष्कळदा केले आहे. रागाची नव्हती. ज्या माणसाकडे आपण काही मागायला गेलो आणि त्याने भलतीच वस्तू प्रेमाने हातात ठेवली, त्या माणसाकडे पाहावे तशी ती होती.

भाद्रपदाच्या उत्तरार्धात माझे सगळे लक्ष एका पिल्लावर होते. जास्वंदीवर अक्कालाच सापडलेले. इतरांहून मोठे, पाठीवरचे पंखांचे उंचवटे आता स्पष्ट, पोटाचे टोक बिनकोयतीचे, म्हणजे नर. त्याच्या मिशांवरचे पट्टे मला माझ्याजवळच्या कोणत्याही चित्रात सापडत नव्हते. एक कात टाकायची उरली होती. ती टाकली की पंख येणार, पंख आले की आवाज येणार, आणि मग नाव. मी जेवणाचे ताटही पिंजऱ्यापाशी आणू लागले.

ही पिल्ले बहुधा रात्रीच कात टाकतात. या पिल्लाने उशीर केला. सकाळी आठच्या सुमारास ते काडीला उलटे टांगून घेऊन निश्चल झाले. मग पाठीवरची त्वचा मध्यावर फाटली आणि आतून फिकट, ओले, जवळजवळ पारदर्शक असे काही खाली उतरू लागले. प्रथम पाठ, मग डोके, मग त्या अशक्य लांब मिशा, जुन्या नळीतून केसाकेसाने ओढून काढाव्यात तशा. एक मिशी अडकली तर ती तुटते. पाय बाहेर आले की ते काही काळ नुसतेच लोंबतात. त्या वेळी ते मोडायला वाऱ्याचा झोतही पुरेसा असतो. मी श्वास रोखून वेळ टिपत होते.

अक्का पाठीमागे येऊन उभी राहिली. तिने न्हाऊन केस मोकळे सोडले होते. शिकेकाईचा वास आला म्हणून मला कळले.

"तंगी."

"हं."

"इकडं बघ की जरा. एक बोलायचं होतं."

"थांब, अक्का. आत्ता नको."

ती थांबली. किती वेळ ते मला ठाऊक नाही, आणि हे ठाऊक नसणे मला आज सगळ्यांत जास्त डाचते, कारण त्याच काळातल्या बाकी प्रत्येक गोष्टीची वेळ मला ठाऊक आहे. आठ वाजून बावीस मिनिटांनी मिशा मोकळ्या झाल्या. आठ एकेचाळीसला त्याने सरळ होऊन काडी धरली. नऊच्या आसपास पंख, आधी चुरगाळलेल्या कागदासारखे, उलगडत पोटापलीकडे गेले. मग ते मागे वळले आणि आपलीच टाकलेली कात खाऊ लागले. मी आनंदाने वळून म्हणाले, "अक्का, बघ."

पाठीमागे कुणी नव्हते. अक्का आत भाकरी थापत होती. मी विचारले, काय बोलायचे होते? ती म्हणाली, "काय न्हाई. परवा जाते म्हणत होते."

तिच्या तोंडून 'जाते' हा शब्द आल्यावर घरात धावपळ उडाली. अव्वाने तांदूळ, नारळ, खण, हळकुंडे काढली. पाटावर बसवून ओटी भरताना ती गल्लीतल्या बायकांना सांगत होती, "यंदा चांगली दीड महिना राहिली लेक. पोटभर राहिली." अक्का पदर पसरून बसली होती आणि तिने मान वर केली नाही. ओटी भरताना डोळे भरून येणे इतके रिवाजाचे आहे की त्यावरून काही ओळखता येत नाही.

स्टँडवर मी तिची बॅग वर चढवली. ती खिडकीत बसली.

"तुझा किडा कुठला निघाला मग?"

"अजून नक्की न्हाई. चार-पाच दिवसांत ओरडंल, मग कळंल."

"कळलं की सांग."

सहाव्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, पडवीतून कोरडी, तुटक टिकटिक ऐकू आली. मी आवाज ध्वनिमुद्रित केला, पंख भिंगाखाली घेतले, तक्त्यातून पायरी-पायरीने खाली उतरले. ती शेतात आणि बागेत सर्वत्र आढळणारी, शेकडो वेळा नोंदलेली, अगदी सामान्य जात निघाली. पिल्लांच्या मिशांवरचे पट्टे मला ओळखीचे वाटले नाहीत, कारण पिल्लांची चित्रे कुणी फारशी काढतच नाही. मी अक्काला फोन करून हे सांगितले. ती हसली. "मग एवढं कामून बघत बसलीस ग?" पाठीमागे तिच्या घरात फार शांत होते. तेही मी ऐकले, आणि सोडून दिले.

माझी निवड झाली. त्या टिपणामुळे नव्हे.

पुढच्या पंचमीला अक्काने कळवले की अत्ती, म्हणजे सासूबाई, आजारी आहेत, येता येणार नाही. अप्पा गुडघ्यांना पट्टे बांधून तिला आणायला गेले आणि दुसऱ्या दिवशी एकटे परतले. दुकान न उघडता ते पडवीतच बसले. दाजी सोलापुरात दुसऱ्या बाईसोबत संसार थाटून राहत होते. आज-काल नव्हे, आदल्या वर्षीच्या आषाढापासून. अक्काने नव्हे, तिच्या शेजाऱ्याने हे सांगितले होते, तेही 'तुम्हाला म्हाईतच असंल' असे समजून.

आषाढानंतर श्रावण येतो. हे गणित मांडायला मला एक क्षणही लागला नाही. ती एकटी आली, मोठी बॅग घेऊन आली, दीड महिना राहिली, आणि तो सगळा काळ तिला ठाऊक होते.

"तिनं सांगायचं की एका शब्दानं," अप्पा म्हणाले.

"लेक कसं सांगंल?" अव्वा म्हणाली. "आपण तरी कसं इचारावं? इचारलं असतं अन् तिला वाटलं असतं की जड झाले, तर?" मग ती म्हणाली, "मी रोज तिच्या डोक्याला तेल घातलं ग." या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे मी तिला विचारले नाही. तो मला कळला होता.

अप्पांनी तिला कितीदा तरी फोन केले, ये म्हणून. ती 'बघू' म्हणाली. नंतर सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि 'बघू' हा शब्दही बंद झाला.

गेल्या वर्षी भाद्रपदातच मी करजगीला गेले. काय बोलायचे ते तीन बसांत मनाशी नीट जुळवले होते. बाहेर तुरी गुडघ्याच्या वर आल्या होत्या, उसात पाणी चमकत होते, आणि मी वाक्यांचा क्रम ठरवत होते. अक्का दारात शिवणयंत्रावर बसली होती. गावातल्या बायकांची पोलकी तिच्याकडे येतात. ती थोडी वाळली होती. केसांत पांढरे दिसत होते. मला पाहून ती उठली, पायांवर पाणी दिले, चहा ठेवला. आतल्या खोलीत खाटेवर सासूबाई होत्या. त्यांचे अर्धे तोंड हसले. उरलेल्या अर्ध्याला ते जमत नव्हते.

चहा झाल्यावर मी जुळवलेली सगळी वाक्ये विसरले आणि विचारले, "अक्का, तेव्हा सांगितलं का न्हाईस?"

तिने कापडाची घडी मोडली, पुन्हा घातली. "रोज सकाळी वाटायचं, आज कुणीतरी इचारंल. मग सांगायला सोपं जातं. आपण होऊन तोंड उघडावं तर वाटतं, भीकच मागायले." तिने घडी बाजूला ठेवली. "अव्वा इचारणार न्हाई ते म्हाईत होतं. अप्पाबी न्हाई. तुझं तसं नव्हतं. तू किड्याला सुद्धा इचारायचीस."

मी म्हणाले, "आता चल. माझ्याकडे दोन खोल्या हायत. डी.एड. पुरं करता येतं अजून."

"आता कुठं, तंगी. अत्तीला कूस बदलवायला लागतंय दोन-दोन तासाला. तिच्या लेकानं टाकलं तिला. तिचं अन् माझं सारखंच झालंय की." ती हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. "तेव्हा मोकळी होते. तेव्हा कुणी राहा म्हटलं असतं तर राहिले असते."

आतून सासूबाईंची हाक आली. शब्द नव्हता, नुसता आवाज. अक्काला त्याचा अर्थ नेमका कळला. ती आत गेली आणि मी दारातून पाहत राहिले: एक हात मानेखाली, एक कमरेखाली, हलकेच, जागा न दुखवता, किती अंशात वळवायचे ते ठरलेले. मी जन्मभर सूक्ष्म हालचाली पाहण्याचे शिक्षण घेतले आहे. इतकी बिनचूक हालचाल मी क्वचित पाहिली आहे. ही बाई शिक्षिका झाली असती. कोणत्याही वर्गातले एकटे बसलेले पोर तिने पहिल्या दिवशी हेरले असते.

"साडेतीनची बस हाय तुला," ती आतूनच म्हणाली. "ती चुकली तर मग एकदम सकाळी."

अक्काला आमच्या घरातून कुणी 'जा' म्हटले नव्हते, याचे आम्हाला केवढे समाधान होते. त्या दारात बसून मी पहिल्यांदा त्या समाधानाची दुसरी बाजू पाहिली. 'राहा' असेही आम्ही कुणी म्हटले नव्हते. आम्ही तिला राहू दिले, आणि मग तिला जाऊ दिले, आणि दोन्ही वेळा आम्हाला आपण चांगली माणसे आहोत असेच वाटत राहिले.

साडेतीन वाजले. वेशीकडून बसचा हॉर्न ऐकू आला, एकदा, मग थोड्या अंतरावरून पुन्हा. मी उठले नाही. अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिने माझी बॅग पाहिली, मला पाहिले, आणि उंबऱ्यावर माझ्याशेजारी टेकली.

"कामून थांबलीस?" तिने विचारले.

एवढेच. दोनच शब्द होते, आणि त्यांत 'जा' कुठेही नव्हते.